टर्मिनलमधून आवाज काढायचा तर: साध्या घंटीपासून लाइट गेल्याच्या भोंग्यापर्यंत

टर्मिनलमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम लिहिता यायला लागले की एक हौस हमखास येते: काम संपल्यावर याने आवाज द्यावा. नवखा इथेच अडकतो. शोधाशोध केली की कुणी जुनाट लायब्ररी सुचवतो, कुणी भलेमोठे पॅकेज. गुहागर किंवा देवगडच्या आतल्या एखाद्या वाडीत, जिथे रेंजसाठी फोन घेऊन खळ्यात उभे राहावे लागते, तिथे ते उतरवत बसणे परवडत नाही. आणि गरजही नाही. जे लागते ते बहुतेक लॅपटॉपवर आधीच असते.

फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. आवाज बनवणे आणि आवाज वाजवणे ही दोन वेगळी कामे आहेत. बनवायचे पायथॉनने, एका साध्या वेव्ह फाइलमध्ये. वाजवायचे काम यंत्रावरच्या प्लेअरला द्यायचे. दोन्ही एकाच लायब्ररीकडून करून घ्यायला गेलात की बिघाड बनवण्यात आहे की वाजवण्यात, हेच कळत नाही.

लिपीबद्दल एक सूचना. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, जिथे गोंधळ होईल तिथे अक्षरे फोडून दिली आहेत. आकडेही कोडमध्ये इंग्रजीच टाका. पायथॉनच्या कोडमध्ये थेट ४४० असे देवनागरीत लिहिले तर तो चूक दाखवून थांबतो. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने ‘इनपुट’मधून ४४० असे देवनागरीत भरले, तर ‘इंट’ ते बिनतक्रार वाचतो. चलांना ‘सूर’, ‘सेकंद’ अशी मराठी नावे दिलेलीही पायथॉन ३ ला चालतात.

काय काय लागेल

- लिनक्स, विंडोज किंवा मॅक असलेला कुठलाही लॅपटॉप. शाळेच्या लॅबमधला जुना चालेल.
- पायथॉन ३. ‘वेव्ह’, ‘मॅथ’ आणि ‘स्ट्रक्ट’ ही मोड्यूल्स त्याच्याबरोबरच येतात. विंडोजवर ‘विनसाउंड’ही.
- लिनक्सवर ‘अल्सा-युटिल्स’ हे पॅकेज. बहुतेक वितरणांत आधीच असते.
- ३.५ मिलिमीटर पिनचा साधा हेडफोन, तपासणीपुरता.
- शेवटच्या भागासाठी हवा असल्यास जुना अँड्रॉइड फोन.

१. यंत्राला मुळात आवाज आहे का ते पाहा

ही पायरी वगळून लोक थेट कोड लिहायला बसतात आणि नंतर तासभर कोडमध्ये चूक शोधतात. लिनक्सवर ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा द्या. तिच्यापुढे आडवी रेघ टी, जागा, ‘साइन’; मग आडवी रेघ एफ आणि ४४०; मग आडवी रेघ छोटा एल आणि १. एकदा सरळ सूर वाजून आज्ञा थांबली पाहिजे. शेवटचा पर्याय विसरलात तर ती थांबतच नाही, मग कंट्रोल आणि सी.

काहीच ऐकू आले नाही तर ‘अल्सामिक्सर’ उघडा. खांबाखाली एमएम दिसत असेल तर तो मूक आहे. एम दाबला की ओओ होते. तिथे सगळे ठीक असूनही शांतता असेल तर ‘एप्ले’ (ए-पी-एल-ए-वाय, एकच शब्द), त्यापुढे आडवी रेघ छोटा एल, अशी आज्ञा देऊन कार्डांची यादी पाहा. पुष्कळदा आवाज एचडीएमआयच्या दिशेने, म्हणजे न जोडलेल्या टीव्हीकडे, चाललेला असतो. वेगळ्या कार्डावर वाजवायला ‘एप्ले’ला आडवी रेघ मोठा डी आणि ‘प्लगएचडब्ल्यू’, कोलन (एकाखाली एक दोन टिंबे), कार्डाचा क्रमांक, स्वल्पविराम, उपकरणाचा क्रमांक असे द्या. नुसते ‘एचडब्ल्यू’ देऊ नका. त्यात कार्डाला जमते तेवढेच चालते आणि एकच चॅनल असलेली फाइल बरीच कार्डे नाकारतात. ‘प्लग’ लावला की मधले रूपांतर आपोआप होते.

किनारपट्टीवर आणखी एक शक्यता धरून चाला. खारी, दमट हवा हेडफोनच्या खोबणीतले पत्रे गंजवते. एकाच कानात आवाज, पिन फिरवली की खरखर, ही लक्षणे असतील तर कोड निर्दोष आहे. यूएसबीला लागणारे छोटे ध्वनी-कार्ड लावून तेच वाजवून पाहा, खात्री होते.

२. घंटी: अक्षर क्रमांक ७

सगळ्यात स्वस्त आवाज म्हणजे टर्मिनलची घंटी. आस्की तक्त्यातले सातवे चिन्ह छापण्यासाठी नाहीच. टेलिप्रिंटरच्या काळात ते आले की पलीकडच्या यंत्रावरची खरी घंटा वाजायची. आजही टर्मिनलला ते मिळाले की त्याने आवाज करावा अशी अपेक्षा असते.

आज्ञा ‘प्रिंटएफ’, पुढे एकेरी अवतरणांत बॅकस्लॅश आणि ए. लांबलचक कामाच्या मागे ही जोडा. मध्ये अर्धविराम टाकलात तर काम फसले तरी घंटी वाजते. दोन अँड-चिन्हे टाकलीत तर यशस्वी झाले तरच वाजते. रात्रभर चालणाऱ्या कामाला अर्धविरामच बरा. फसले तेही कळायला हवे.

पायथॉनमध्ये हेच ‘प्रिंट’ने होते, पण इथे दोन खड्डे आहेत. ओळ संपवायची नाही म्हणून ‘एंड’ रिकामा ठेवलात की ते अक्षर बफरमध्ये अडकून राहते आणि घंटी नको तेव्हा वाजते. म्हणून ‘फ्लश’ला ‘ट्रू’ (टी मोठा) द्या. दुसरे म्हणजे प्रोग्रॅमचे आउटपुट फाइलमध्ये वळवले असेल तर घंटीही त्या फाइलमध्येच जाऊन पडते.

बऱ्याच टर्मिनलांत घंटी मुळातच बंद असते किंवा तिच्याऐवजी खिडकी क्षणभर चमकते. सेटिंगमध्ये टर्मिनल बेल शोधून चालू करा. ‘बीप’ नावाच्या जुन्या आज्ञेच्या मागे लागू नका. ती मदरबोर्डवरच्या छोट्या स्पीकरशी बोलते, उबुंटूवर त्याचे ‘पीसीएसपीकेआर’ मोड्यूल काळ्या यादीत टाकलेले असते, आणि नव्या लॅपटॉपमध्ये तो स्पीकर बहुधा नसतोच.

घंटीचा एक मोठा गुण मात्र विसरू नका. एसएसएचने तुम्ही दूरच्या यंत्रावर काम करत असाल, तर तिथे ‘एप्ले’ चालवल्यावर आवाज तिथल्या खोलीत होतो. घंटी हे नुसते अक्षर असल्यामुळे ते तारेवरून तुमच्यापर्यंत येते आणि तुमच्याच टेबलावर वाजते. रत्नागिरीत बसून पुण्यातला सर्व्हर चालवणाऱ्याला घंटीच उपयोगी.

३. विंडोजवाल्यांसाठी आडवाट

विंडोजवर फाइल न बनवताही सूर निघतो. पायथॉनमध्ये ‘विनसाउंड’ आणा आणि त्याच्या ‘बीप’ला (बी मोठा) दोन आकडे द्या: दर सेकंदाची कंपने आणि मिलिसेकंद. ८८० आणि ३०० देऊन पाहा. कंपने ३७ ते ३२,७६७ याच पट्ट्यात चालतात. सूर वाजत असेपर्यंत प्रोग्रॅम थांबून राहतो, हे लक्षात ठेवून वापरा.

फाइल वाजवायला ‘प्लेसाउंड’ (पी आणि एस मोठे). ही फक्त वेव्ह फाइल घेते. फाइल सापडली नाही तर विंडोज आपलाच नेहमीचा टुणकन आवाज वाजवते आणि आपल्याला वाटते फाइलच तशी बनली. ‘एसएनडी-असिंक’ (सगळी मोठी अक्षरे, मध्ये खालची रेघ) या झेंड्याने आवाज मागे वाजत राहतो, पण प्रोग्रॅम लगेच संपला तर आवाजही तुटतो.

इथे एक गमतीदार सापळा आहे. फोल्डरचे नाव इंग्रजी ए या अक्षराने सुरू होत असेल, समजा ‘आवाज’, तर पत्त्यात बॅकस्लॅशनंतर ए येतो. पायथॉन त्याला घंटीचे सातवे अक्षर समजतो आणि फाइल सापडत नाही. पत्त्यात साधा स्लॅश वापरा किंवा अवतरणापूर्वी आर लावा.

मॅकवर ‘एएफप्ले’ आणि फाइलचे नाव, एवढेच. फाइल बनवण्याचा पुढचा भाग तिन्ही ठिकाणी सारखा आहे.

४. आपली वेव्ह फाइल

हा या लेखाचा गाभा, सावकाश करा.

संगणकाला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. एका सेकंदात ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा −३२,७६८ ते ३२,७६७ यांच्यामधला. स्पीकरचा पडदा त्या क्षणी किती पुढे-मागे असावा, तेवढेच तो आकडा सांगतो. सरळ सूर हवा तर हे आकडे साइनच्या वळणाने चढ-उतार करणारे हवेत.

प्रोग्रॅमच्या ओळी अशा:

अ) ‘वेव्ह’, ‘मॅथ’, ‘स्ट्रक्ट’ आयात करा. तुमच्या स्वतःच्या फाइलला यांपैकी कुठलेही नाव देऊ नका. ‘वेव्ह’ नावाने प्रोग्रॅम जतन केलात तर पायथॉन खरे मोड्यूल सोडून तुमचीच फाइल आयात करतो आणि ‘ओपन’ नावाचे काही नाही म्हणून ओरडतो. नवख्यांचा सर्वाधिक वेळ खाणारी चूक हीच.

आ) वेग ४४,१००, कंपने ४४०, सेकंद ०.५ आणि जोर ०.३ असे चार चल घ्या. जोर १ ठेवू नका. पुढे दोन सूर एकत्र करायचे आहेत, जागा शिल्लक हवी.

इ) एकूण नमुने म्हणजे वेग गुणिले सेकंद, इथे २२,०५०. याला ‘इंट’ लावा, नाहीतर ‘रेंज’ अपूर्णांक घेत नाही.

ई) प्रत्येक नमुना क्रमांकासाठी: दोन गुणिले पाय गुणिले कंपने गुणिले क्रमांक, भागिले वेग, त्याचे साइन, गुणिले जोर, गुणिले ३२,७६७, आणि त्याचा पूर्णांक.

उ) तो पूर्णांक ‘स्ट्रक्ट’च्या ‘पॅक’ने दोन बाइटमध्ये बसवा. साचा म्हणून ‘पेक्षा लहान’चे चिन्ह आणि छोटा एच. निघालेले बाइट ‘बाइटअॅरे’मध्ये जोडत जा. आकडा मर्यादेबाहेर गेला तर ‘पॅक’ तिथेच चूक देतो, आणि ते चांगलेच आहे. गुपचूप कापला असता तर फाटका आवाज आला असता आणि कारण कळले नसते.

ऊ) ‘वेव्ह’च्या ‘ओपन’ने फाइल उघडा, प्रकार डब्ल्यूबी. ‘सेटएनचॅनल्स’ला १, ‘सेटसॅम्पविड्थ’ला २, ‘सेटफ्रेमरेट’ला ४४,१००. मग ‘राइटफ्रेम्स’ला सगळे बाइट, आणि फाइल बंद. दुसऱ्या ठिकाणी १६ टाकण्याचा मोह होतो, कारण सगळे सोळा-बिट म्हणतात. तिथे बाइट मोजायचे असतात, बिट नव्हे.

आता वाजवण्याआधी फाइलचा आकार पाहा. २२,०५० नमुने गुणिले दोन बाइट म्हणजे ४४,१००, अधिक वेव्हचा ४४ बाइटचा मथळा. एकूण ४४,१४४. बरोबर एवढाच आला तर बनवण्याची बाजू बहुतेक निर्धोक. कमी आला तर फाइल बंद करायची राहिली असेल.

४४० ऐवजी २७७.१८ टाकून पाहा. शेवटी ‘टक्’ अशी टिचकी ऐकू येईल. ४४०ची अर्ध्या सेकंदात बरोबर २२० आवर्तने होतात, म्हणून सूर शून्यावर येऊन संपतो. २७७.१८ मधेच कुठेतरी तुटतो, आणि पडदा होता तिथून एका उडीत शून्यावर येतो. ती उडी म्हणजे टिचकी. उपाय सोपा आहे. पहिले ४४१ नमुने, म्हणजे १० मिलिसेकंद, शून्यापासून हळूहळू वाढवत न्या आणि शेवटचे ४४१ तसेच उतरवा. नमुना क्रमांक भागिले ४४१ एवढ्या पटीने गुणले की चढण झाली.

कुणी जागा वाचवायला आठ-बिट फाइल बनवायला सांगेल. तिथे आकडे ० ते २५५ असतात आणि शांतता म्हणजे १२८. तिथे शांततेसाठी शून्य भरलेत तर सुरुवातीला आणि शेवटी धाडकन आवाज येतो. सोळा-बिटच ठेवा.

५. वाजवणे

लिनक्सवर ‘एप्ले’, आडवी रेघ क्यू, फाइलचे नाव. क्यूमुळे बडबड बंद होते. पायथॉनमधून हेच करायला ‘सबप्रोसेस’ वापरा: त्यातला ‘रन’ आवाज संपेपर्यंत थांबतो, ‘पीओपन’ (पी मोठा) मागे वाजू देतो आणि पुढे जातो. आज्ञा आणि फाइलचे नाव यादीतले वेगवेगळे घटक म्हणून द्या, म्हणजे नावात रिकामी जागा असली तरी बिघडत नाही.

‘एप्ले’ला एमपी३ देऊ नका. त्याला मथळा ओळखता येत नाही, मग तो त्या बाइटनाच कच्चा आवाज समजतो, आठ-बिट आणि सेकंदाला ८,००० नमुने या मापाने, आणि कानठळ्या बसवणारी खरखर सोडतो. हेडफोन घालून हा प्रयोग मुळीच करू नये.

फाइल न बनवता बाइट थेट पाइपने ‘एप्ले’ला देता येतात, पण मग मथळा नसल्यामुळे माप तुम्हीच सांगायचे. एकच चॅनल असताना चुकून दोन सांगितलेत तर आवाज दुप्पट वेगाने आणि एक सप्तक वर जातो. सूर ओळखीचा पण चिरका येतोय असे वाटले की चॅनल तपासा.

ब्लूटूथ स्पीकर शांत असताना झोपतो आणि जागा होईपर्यंत पहिला तुकडा गिळतो. अर्ध्या सेकंदाचा इशारा असेल तर कधी काहीच ऐकू येत नाही. फाइलच्या सुरुवातीला अर्धा-एक सेकंद शून्ये भरून ठेवा.

६. सूर जुळवताना

कंपनांचे आकडे पाठ करायची गरज नाही. षड्ज २४० धरला की शुद्ध सप्तक पूर्णांकांत बसते: सा २४०, रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नी ४५०, वरचा सा ४८०. ही आठ आकड्यांची यादी फिरवून प्रत्येकी ०.४ सेकंदाचा सूर एकाच फाइलमध्ये जोडलात की आरोह तयार. आधी हेच करा. कान लगेच सांगतो कुठे चुकले.

भजनी मंडळाच्या पेटीबरोबर वाजवायचे असेल तर पट्टी जुळवावी लागते. ४४०च्या मापाने पांढरी १ म्हणजे २६१.६३ आणि काळी १ म्हणजे २७७.१८. पुढची प्रत्येक पट्टी आधीच्या १.०५९५ पट. गावातली जुनी पेटी नेमकी ४४०लाच असेल असे धरू नका; एक-दोन कंपने इकडेतिकडे करून कानाने जुळवा. दोन सूर जवळ आले की आवाजात हेलकावे ऐकू येतात, ते मंदावत थांबले की जुळले.

सा-प धरून ठेवणारा सूर हवा असेल तर एक युक्ती आहे. सा २७७ घ्या, प त्याच्या दीडपट म्हणजे ४१५.५. दोन सेकंदांत साची ५५४ आणि पची ८३१ आवर्तने पूर्ण होतात, दोन्ही शून्यावर संपतात. म्हणजे हा दोन सेकंदांचा तुकडा टिचकीशिवाय एकामागे एक जोडता येतो. एकदा हिशेब करा आणि तेच बाइट ‘राइटफ्रेम्स’ने ३०० वेळा लिहा. दहा मिनिटांची, सुमारे ५३ मेगाबाइटची फाइल क्षणात तयार होते. इथे चढण-उतरण लावू नका, नाहीतर दर दोन सेकंदांनी आवाज दबेल. नुसता साइन रुक्ष वाटतो. प्रत्येक सुरात त्याची दुप्पट, तिप्पट आणि चौपट कंपने अनुक्रमे अर्ध्या, एक-तृतीयांश आणि पाव जोराने मिसळा. तेव्हा मूळ जोर ०.३ वरून ०.१५ वर आणा. तंबोरा होत नाही, पण तालमीपुरते चालते.

७. लाइट गेल्याचा भोंगा

आता खरा उपयोग. पावसाळ्यात रात्री लाइट गेली आणि कळलेच नाही, तर शीतपेटीतले मासे, कोळंबीच्या तळ्यातले एअरेटर, उबवणी यंत्र, कशाचेही नुकसान होऊ शकते. लॅपटॉपला बॅटरी आहे, चार्जर लावलाय की नाही हे त्याला कळते, आणि आवाज काढायला आपण शिकलोच आहोत.

लिनक्सवर ‘सिस’, ‘क्लास’, ‘पॉवर-सप्लाय’ (मध्ये खालची रेघ) असे फोल्डर उतरत जा. आत बॅटरीबरोबर चार्जरचे एक नाव दिसेल: एसी, एसीएडी, एडीपी१ असे काहीतरी, लॅपटॉपगणिक वेगळे. त्यातल्या ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये १ किंवा ० असतो. पायथॉनने दर ५ सेकंदांनी ती फाइल नव्याने उघडून वाचायची. वाचलेल्या अक्षरामागे नवी ओळ चिकटलेली असते, म्हणून ‘स्ट्रिप’ लावल्याशिवाय तुलना केलीत तर कधीच जुळणार नाही. विंडोजवर ‘सीटाइप्स’मधून ‘कर्नल३२’चे ‘गेटसिस्टिमपॉवरस्टेटस’ (चारही शब्दांचे पहिले अक्षर मोठे) बोलवा, १२ बाइटचा बफर द्या आणि पहिला बाइट पाहा: १ चालू, ० बंद, २५५ म्हणजे त्यालाच माहीत नाही.

पहिल्या शून्यालाच भोंगा वाजवू नका. मिरगाच्या वाऱ्यात फांदी तारेला लागली की लाइट डोळे मिचकावते, आणि रात्रभर खोटे भोंगे झाले की तिसऱ्या दिवशी घरचे लॅपटॉप बंद करतात. सलग तीन वेळा शून्य आले, म्हणजे साधारण १५ सेकंद गेले, तरच वाजवा. परत १ आल्यावर मोजणी शून्यावर आणा.

सुराची निवड महत्त्वाची. लॅपटॉपचे छोटे स्पीकर खालचे सूर नीट काढत नाहीत, १५०-२०० कंपने म्हणजे जवळपास मौन. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना एकसुरी आवाज त्यात विरून जातो. २,२०० आणि २,८०० कंपने पाव-पाव सेकंद आळीपाळीने, असे आठ वेळा, मग दोन सेकंद शांतता, पुन्हा तेच. या पट्ट्यात कान सर्वांत तिखट असतो. त्याहून फार वर जाऊ नका, वयस्कर माणसांना वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. इथे जोर ०.८ ठेवायला हरकत नाही.

फसण्याच्या जागा:

- चार्जर इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावला असेल तर लाइट गेल्याचे लॅपटॉपला कळणारच नाही. इन्व्हर्टर नसलेला प्लग शोधा.
- लॅपटॉपचे झाकण लावले की तो झोपतो आणि प्रोग्रॅमही झोपतो. पॉवर सेटिंगमध्ये दोन्ही बंद करा: झाकणाने झोपणे आणि ठरावीक वेळाने झोपणे. दुसरे सेटिंग बॅटरीसाठी वेगळे असते, ते हमखास राहून जाते.
- रात्री कुणी आवाज शून्यावर नेला असेल तर? भोंग्याच्या आधी ‘एमिक्सर’ने ‘मास्टर’ (एम मोठा) ९० टक्के आणि ‘अनम्यूट’ करून घ्या. हेडफोनची पिन लागलेली राहिली तर मात्र हेही वाया.
- जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते. चार्जर काढून तो निदान अर्धा तास तग धरतो का, हे आधी पाहा.

तळ्यात लाखोंचा माल असेल तर केवळ यावर विसंबू नका. विजेवरचा स्वतंत्र रिले-भोंगा बाजारात मिळतो तो लावा, हा त्याच्या जोडीला.

८. बोलून सांगायचे असेल तर

लिहिलेले वाचून दाखवणाऱ्या ‘ईस्पीक-एनजी’ या प्रोग्रॅमला मराठी येते. आडवी रेघ व्ही, मग एम-आर, आणि अवतरणांत चक्क देवनागरीत ‘लाइट गेली, पंप बघा’ असे लिहा. उच्चार यांत्रिक आहे, पण कळतो. आडवी रेघ एसने वेग बदलतो. मूळ १७५ असतो, १३० केला की घाईत नसल्यासारखे बोलतो. आडवी रेघ डब्ल्यू आणि फाइलचे नाव दिले की बोलणे वेव्ह फाइलमध्ये उतरते. एकदाच उतरवून ठेवा, मग ज्या यंत्रावर ‘ईस्पीक’ नाही तिथेही नुसत्या ‘एप्ले’ने वाजेल. आधी भोंग्याचे दोन फेरे, मग वाक्य. झोपलेल्या माणसाला पहिले वाक्य कधीच ऐकू जात नाही.

९. जुन्या फोनवर

लॅपटॉप अडकवून ठेवायचा नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स, म्हणजे फोनमध्ये टर्मिनल देणारे अॅप. टर्मक्स आणि टर्मक्स-एपीआय हे दोन्ही अॅप एकाच ठिकाणाहून, एफ-ड्रॉइड या अॅप-भांडारातून, घ्या. एक इथून आणि एक तिथून घेतले तर सह्या जुळत नाहीत आणि दुसरे बसत नाही. अॅपखेरीज टर्मक्सच्या आतही ‘टर्मक्स-एपीआय’ हे पॅकेज टाकावे लागते. बरेच जण हे विसरतात आणि आज्ञाच सापडत नाही.

मग ‘टर्मक्स-मीडिया-प्लेयर’, ‘प्ले’ आणि फाइलचे नाव. ‘टर्मक्स-बॅटरी-स्टेटस’ चार्जर जोडलेला आहे का ते सांगते. ‘प्लग्ड’समोर ‘अनप्लग्ड’ (सगळी मोठी अक्षरे) दिसले की लाइट गेली असे धरा. पायथॉनच्या ‘जेसन’ मोड्यूलने ते वाचता येते. ‘टर्मक्स-वेक-लॉक’ दिल्याशिवाय फोन मागचे काम गोठवतो, आणि काही फोनांवर बॅटरी वाचवण्याचे सेटिंगही टर्मक्सपुरते काढावे लागते.

१०. वेळेवर वाजवणे

ठरावीक अंतराने इशारा हवा असेल तर ‘स्लीप’ आणि अर्धविरामानंतर ‘एप्ले’. लिनक्सवर ‘स्लीप’ला १२एच आणि २५एम असे दोन तुकडे दिले तर तो बेरीज करतो. एका भरतीपासून पुढची भरती साधारण एवढ्याच वेळाने येते, म्हणून खाडीकाठी कालवे-शिंपल्यांना जाणाऱ्यांना हा अंदाजी गजर बरा. होडी काढायची असेल तर भरतीचे छापील कोष्टकच पाहा. लॅपटॉप मधे झोपला तर ‘स्लीप’ही तेवढा वेळ थांबतो आणि गजर उशिरा होतो.

रोज ठरलेल्या वेळेसाठी ‘क्रॉन’ वापराल. टर्मिनलमध्ये वाजणारी तीच ओळ क्रॉनमधून मुकी राहते, कारण क्रॉनला तुमच्या चालू ध्वनी-सेवेचा पत्ता माहीत नसतो. क्रॉनच्या यादीत वरच ‘एक्सडीजी’, खालची रेघ, ‘रनटाइम’, खालची रेघ, ‘डीआयआर’ हे नाव मोठ्या अक्षरांत लिहा, पुढे बरोबरचे चिन्ह आणि ‘रन’, ‘यूजर’, मग तुमचा क्रमांक असा पत्ता. पत्त्याची सुरुवात स्लॅशने. क्रमांक ‘आयडी’ आडवी रेघ यू या आज्ञेने कळतो. एकट्याच्या लॅपटॉपवर तो बहुधा १००० असतो. तुम्ही त्या वेळी लॉग-इन असायला हवे. फाइलचे नाव पूर्ण पत्त्यासकट द्या. क्रॉन तुमच्या घरच्या फोल्डरपासून सुरू होतो, प्रोग्रॅम ठेवलाय तिथून नाही.